मित्रासोबत एका संध्याकाळचा ऐतिहासिक युद्धखेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात माझ्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे माझ्या बँकेला सुट्टी असते त्या दिवशी, शाळेपासूनचा एक मित्र आणि मी दिवेलागणीच्या सुमारास पट मांडून बसतो. मांडलेला पट पाहून शेजारी, नातेवाईक आणि मित्राचे विद्यार्थी (तो माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो) जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. हा छंद आपल्याकडे फारसा रुजलेला नाही, आणि तो रुजावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ऐतिहासिक युद्धखेळ म्हणजे नेमके काय?

प्रत्यक्ष घडलेली एखादी लढाई, मोहीम किंवा संपूर्ण युद्ध नकाशावर मांडून दोन खेळाडूंनी दोन बाजूंच्या सेनापतींच्या जागी बसणे, असा हा खेळ आहे. नकाशावर नद्या, डोंगर, वाटा आणि गावे असतात. सैन्याच्या तुकड्या पुठ्ठ्याच्या लहान चौकोनी सोंगट्यांनी किंवा लाकडी ठोकळ्यांनी दाखवलेल्या असतात. आणि प्रत्येक सोंगटीवर त्या तुकडीची लढण्याची व चालण्याची ताकद आकड्यांत छापलेली असते.

याचे मूळ प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात आहे. तेथे राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने, आपल्या वडिलांच्या कल्पनेवर काम करून, १८२४ मध्ये 'क्रीगश्पील' या खेळाचे नियम छापले. खरेखुरे भूमापन नकाशे, फासे आणि दोन्ही बाजूंमधला एक पंच अशी त्याची रचना होती, आणि तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरला गेला. सामान्य माणसाने घरी खेळावा असा युद्धखेळ अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये विकायला काढला; पुढे १९५८ मध्ये त्यांनी ॲव्हलॉन हिल ही कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षी गेटिसबर्गच्या लढाईवरचा खेळ काढला. आज आपण जे खेळतो त्याची वंशावळ तेथून सुरू होते.

पटावर चौकोनांऐवजी षटकोन का असतात?

चौकोनी घरांच्या पटावर तिरकी चाल सरळ चालीपेक्षा सुमारे १.४ पट लांब पडते, त्यामुळे तिरके चालणारे सैन्य फुकटात जास्त अंतर कापते. षटकोनाच्या मध्यापासून त्याच्या सहाही शेजाऱ्यांचे मध्य सारख्याच अंतरावर असतात. सगळ्याच खेळांत षटकोन नसतात. मोठ्या मोहिमांच्या खेळांत अनेकदा गावे आणि त्यांना जोडणारे रस्ते एवढेच असतात.

मला बुद्धिबळ चांगले येते. हे खेळ सोपे जातील का?

पुढच्या चार चालींचा विचार करण्याची आणि स्वस्थ बसण्याची सवय नक्कीच उपयोगी पडते. मात्र बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या असतात, सगळे मोहरे डोळ्यांसमोर असतात आणि हत्तीने प्यादे मारायचे ठरवले की ते मरतेच. युद्धखेळात यातले काहीही गृहीत धरता येत नाही. एका बाजूकडे दुप्पट सैन्य असू शकते. ठोकळ्यांच्या खेळात समोरच्या ठोकळ्याची फक्त पाठ दिसत असल्याने तो कसलेला रिसाला आहे की नुकतीच गोळा केलेली भरती आहे हे भिडल्याशिवाय कळत नाही. आणि हल्ला यशस्वी होईलच याची खात्री कोणीही देत नाही. माझ्या मित्राचे बुद्धिबळ माझ्यापेक्षा खूपच चांगले आहे, तरी पहिले काही महिने तो 'योग्य चाल' शोधत बसायचा आणि डाव लांबायचा. येथे बहुतेक वेळा एकच योग्य चाल नसते, कमी धोक्याची आणि जास्त धोक्याची अशा दोन चाली असतात, हे एकदा मनात ठसले की खेळ वेग घेतो.

पहिल्या संध्याकाळी कोणता खेळ निवडावा?

असा खेळ निवडावा की जो जेवणाच्या आधी पूर्ण होईल आणि शक्य असेल तर दोनदा खेळता येईल. नवख्या मित्रासमोर तीनशे सोंगट्यांचा पट मांडणाऱ्यांचा उत्साह मी समजू शकतो, पण तो मित्र पुन्हा येत नाही.

माझी पहिली शिफारस रिचर्ड बोर्ग यांच्या 'कमांड्स अँड कलर्स : एन्शंट्स' या २००६ च्या खेळाची आहे. यात रोम आणि कार्थेज यांच्या लढाया आहेत आणि एक लढाई साधारण तासाभरात संपते. पायदळाच्या तुकडीला ४ ठोकळे, घोडदळाला ३ आणि हत्तींना २ असतात. पट डावी बगल, मध्य आणि उजवी बगल असा विभागलेला असतो, आणि हातातल्या पत्त्यांवर 'डाव्या बगलेतील तीन तुकड्या हलवा' अशा स्वरूपाचे हुकूम असतात. उजवीकडे आग लागलेली असताना हातात उजवीकडचा एकही हुकूम नसणे हा अनुभव सुरुवातीला अन्यायाचा वाटतो. पण रणांगणावरच्या गोंगाटात आणि धुळीत सेनापतीचा निरोप बगलेपर्यंत पोहोचत नसे, हे त्या पाच-सहा पत्त्यांनी जेवढे समजते तेवढे वर्णन वाचून समजत नाही. हत्तींचा नियम तर मला अतिशय आवडतो. हत्तींना मागे हटावे लागले तर ते उधळतात आणि शेजारच्या तुकड्यांना तुडवतात, मग त्या आपल्या असोत की शत्रूच्या. इ. स. पू. २०२ मध्ये झामा येथे रोमन सेनापती स्किपिओने आपल्या फळीत हत्तींना जाऊ देण्यासाठी मोकळ्या वाटा का ठेवल्या, हे माझ्या मित्राला स्वतःचेच हत्ती स्वतःच्या पायदळावर उलटल्यानंतर एका क्षणात उमगले.

दुसरी पायरी म्हणून मी 'हॅमर ऑफ द स्कॉट्स' हा २००२ चा ठोकळ्यांचा खेळ सुचवेन. तो स्कॉटलंडच्या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या स्वातंत्र्यलढ्यावर आहे आणि त्याला एक पूर्ण संध्याकाळ लागते. त्यातले सरदार हरले की बाजू बदलतात, आणि हिवाळा आला की आपापल्या मुलखात परततात. त्यांच्या मुलखावर ज्याचा ताबा, त्याच्याकडे त्यांचे मन. वतन आणि निष्ठा यांची ही ओढाताण साताऱ्याच्या माणसाला परकी वाटत नाही. दख्खनेत औरंगजेबाच्या छावणीत आणि छावणीबाहेर पंचवीस वर्षे हेच चालले होते.

लढाईपेक्षा राजकारणाची आवड असणाऱ्यांनी 'ट्वायलाइट स्ट्रगल' खेळावा. तो २००५ मध्ये निघाला आणि १९४५ ते १९८९ या काळातल्या अमेरिका-सोव्हिएत शीतयुद्धावर आहे. त्यातले पत्ते म्हणजे त्या काळातल्या घटना आहेत, आणि प्रतिस्पर्ध्याला उपयोगी पडणारा पत्ता आपल्या हातात आला तर तो कधीतरी आपल्यालाच टाकावा लागतो. भारत-पाकिस्तान युद्धाचा पत्ताही त्यात आहे. यासाठी तीन तास हाताशी हवेत.

मित्राला नियम कसे समजावून सांगावेत?

नियमपुस्तिका त्याच्या हातात देऊ नये. ती यजमानाने आधी वाचायची असते, आणि केवळ वाचून भागत नाही: आदल्या रात्री पट मांडून दोन्ही बाजूंनी एकट्याने चार फेऱ्या खेळून पाहाव्यात. कोठे अडखळायला होते ते तेव्हाच कळते आणि ती पाने कागदाची खूण घालून ठेवता येतात. हे काम यजमानाचे आहे असे मी ठामपणे मानतो. घरी बोलावलेल्या माणसाला ताटावर बसवून मग तांदूळ निवडायला घेणे जितके अयोग्य, तितकेच हेही.

समजावताना सुरुवात नियमापासून न करता परिस्थितीपासून करावी. 'तू हॅनिबल आहेस, तुझे घोडदळ सरस आहे, पायदळ कमी आहे, समोर रोमचे प्रचंड पायदळ आहे' एवढे सांगितले की पुढचे नियम त्याला आपोआप अडकवायला खुंट्या मिळतात. त्यानंतर जिंकायचे कसे, एका फेरीत काय काय करता येते आणि लढाई कशी सोडवायची, एवढेच सांगावे. वेढ्याचे, हवामानाचे किंवा नौदलाचे नियम त्यांची वेळ येईल तेव्हा सांगितलेले चालतात. मात्र एखादा नियम त्याचा डाव बुडवू शकत असेल, तर तो वेळ येण्याच्या आधी सांगावा. 'अरे, ते तुला सांगायचे राहिले' या वाक्याने जिंकलेला डाव मी जिंकलेला धरत नाही.

किती जागा, किती वेळ आणि कोणती तयारी लागते?

बहुतेक नकाशे चारजणांच्या जेवणाच्या टेबलावर मावतात, परंतु बाजूला पत्ते, बाद सोंगट्या आणि फासे यांसाठी वीतभर जागा उरायला हवी. जमिनीवर सतरंजी घालून खेळणे मला रोमांचक वाटत असे. आता गुडघे त्याला परवानगी देत नाहीत. पट मांडायला अर्धा तास लागतो, तो पाहुणा येण्याआधी खर्च करावा.

साताऱ्याच्या पावसाळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण परदेशी नियमपुस्तिकांत याचा उल्लेख नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वरच्या बाजूने येणारी झड आठ-आठ दिवस थांबत नाही आणि घरातला प्रत्येक कागद ओल धरतो. पुठ्ठ्याचा नकाशा वाकतो, घडीपाशी उचलला जातो आणि सोंगट्या घरंगळतात. नकाशावर पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा ठेवणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. साइनबोर्ड बनवणारे तो हव्या त्या मापात कापून देतात. खेळाच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात, आणि दसऱ्यापर्यंत खोके लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून हलवू नये.

छताचा पंखा हा दुसरा शत्रू आहे. अर्ध्या इंचाच्या सोंगट्या पूर्ण वेगाच्या पंख्याखाली टिकत नाहीत. उन्हाळ्यात पंखा हळू ठेवून टेबल त्याच्या थेट खालून बाजूला घ्यावे. एकावर एक रचलेल्या सोंगट्या हलवण्यासाठी बोटांऐवजी घड्याळजी वापरतात तसा चिमटा घ्यावा, आणि त्या ठेवण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात स्क्रूसाठी मिळते ती खान्यांची डबी घ्यावी. फासे पटावर टाकू नयेत. आम्ही एका पितळी ताटात जाड फडके अंथरून त्यात टाकतो. वीज गेली तर काय, याची काळजी पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरीही चार्ज केलेला एक दिवा हाताशी ठेवावा, कारण मेणबत्ती पत्त्यांजवळ आणणे मला मान्य नाही.

खाण्यापिण्याचे काय करावे?

तेलकट आणि पातळ काहीही पटाच्या खोलीत आणू नये. भडंग, भजी आणि मिसळ या तिन्ही गोष्टी आम्हा दोघांना प्रिय आहेत आणि तिन्ही मधल्या सुट्टीत, दुसऱ्या खोलीत, खाल्ल्या जातात. चहाचे कप टेबलाच्या उंचीपेक्षा खालच्या स्टुलावर ठेवावेत, म्हणजे कोपराचा धक्का लागला तरी नुकसान फरशीचेच होते. कंदी पेढा चालतो, पण त्यानंतर हात पुसल्याशिवाय पत्त्यांना स्पर्श करू नये.

सगळे फाशांवरच अवलंबून असेल, तर यात कौशल्य कोठे आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रास्त आहे. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ ही बेरीज ६ प्रकारांनी येते आणि १२ केवळ एका प्रकाराने. म्हणजे १२ पडल्याशिवाय जो हल्ला यशस्वी होणार नाही तो ३६ पैकी ३५ वेळा फसणार, हे हल्ला करणाऱ्याला आधीच ठाऊक असते. जुन्या पद्धतीच्या खेळांत लढाईच्या निकालाचा तक्ता असतो: आपली आणि शत्रूची ताकद यांचे प्रमाण काढायचे आणि फासा टाकून त्या रकान्यात निकाल पाहायचा. कसलेला खेळाडू तीनास एक असे प्रमाण जमल्याशिवाय सहसा हल्ला करत नाही, आणि ते प्रमाण योग्य जागी, योग्य फेरीत जमवून आणणे हेच कौशल्य आहे. फासा टाकण्याच्या आधीच बरेचसे ठरलेले असते.

तरीही नशीब उरतेच, आणि ते उरावे असे मला वाटते. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने या किल्ल्याला वेढा घातला आणि एप्रिल १७०० मध्ये तटाखाली सुरुंग उडवले. त्यांपैकी एका स्फोटाने तटाचे दगड बाहेरच्या बाजूला कोसळले आणि चढाईसाठी खाली जमलेले मोगल सैनिकच मोठ्या संख्येने गाडले गेले. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. किल्ला त्यानंतर थोड्याच दिवसांत तहाने द्यावा लागला, त्याचे नाव आझमतारा ठेवले गेले आणि पुढे ताराबाईंच्या काळात तो परत मिळाला. पण सुरुंग कोणत्या बाजूला फुटेल हे बादशहालाही ठरवता आले नव्हते. ज्या खेळात असा फासा कधीच पडणार नाही, त्या खेळाने मला वेढ्याबद्दल पूर्ण खरे सांगितलेले नसेल.

नियमावरून मतभेद झाला तर?

पाच मिनिटे पुस्तिका पाहावी. उत्तर सापडले नाही तर फासा टाकून त्या डावापुरते ठरवावे, वहीत नोंद करावी आणि खेळ पुढे न्यावा. दुसऱ्या दिवशी शांतपणे शोधल्यावर उत्तर बहुधा सापडतेच.

मराठ्यांच्या इतिहासावर असे खेळ आहेत का?

फारच थोडे, आणि याची मला खंत आहे. दख्खनच्या इतिहासावरचा एक चांगला खेळ २०२४ मध्ये आला: 'विजयनगर' या नावाचा, दिल्लीची सल्तनत, बहमनी राज्य आणि विजयनगरचे साम्राज्य अशा तीन बाजूंचा. तो तिघांनी खेळण्यात जास्त रंगत आहे, परंतु दोघांनाही खेळता येतो. शिवकाळ आणि पेशवाई यांवर मात्र जगातल्या खेळकर्त्यांनी रोम, नेपोलियन किंवा दुसरे महायुद्ध यांच्या तुलनेत अगदीच कमी काम केले आहे.

म्हणून आम्ही दोघांनी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पानिपतच्या मोहिमेचा पट स्वतः आखायला घेतला. लढाईचा पट आम्ही जाणूनबुजून केला नाही. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाबद्दल मराठी माणूस पुष्कळ बोलतो; त्याआधीच्या साडेतीन महिन्यांबद्दल कमी बोलतो, आणि माझ्या मते जे घडले त्याची मुळे त्या महिन्यांत आहेत. ड्रॉइंगच्या कागदावर दक्षिणेला दिल्ली, उत्तरेला कुंजपुरा, दोन्हींच्या मध्ये पानिपत आणि वरून खालपर्यंत यमुना काढली. ऑक्टोबर १७६० पासून एक फेरी म्हणजे एक आठवडा असे धरले. सैन्यासाठी लाकडी ठोकळे रंगवले आणि धान्यासाठी हरभरे घेतले: प्रत्येक फेरीच्या शेवटी प्रत्येक ठोकळ्यामागे एक हरभरा डब्यात परत टाकायचा. भाऊसाहेबांच्या बाजूला आम्ही बुणग्यांचे, म्हणजे सैन्याबरोबरच्या बिनलढाऊ माणसांचे, ठोकळेही ठेवले, जे लढत नाहीत, सैन्याचा वेग कमी करतात आणि हरभरे मात्र इतरांइतकेच खातात.

पहिल्या डावात मित्राने भाऊसाहेबांची बाजू घेतली. तो इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे त्याने आधीच ठरवले होते की कुंजपुऱ्याकडे जायचेच नाही, दिल्लीतच राहायचे, म्हणजे अब्दाली बागपतजवळ नदी ओलांडून पाठीमागे उतरणार नाही. सहाव्या फेरीला त्याचा हरभऱ्यांचा वाडगा रिकामा झाला. दिल्लीत धान्य नव्हते, वैरण नव्हती आणि पैसाही नव्हता. ऐन लढाई नसतानाही त्याचे ठोकळे एक एक करून कमी होऊ लागले. तो बराच वेळ वाडग्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "अरे, ते कुंजपुऱ्याला का गेले हे मी पंधरा वर्षे वर्गात चुकीचे सांगतो आहे." कुंजपुऱ्याला अब्दालीसाठी साठवलेले धान्य होते. १७ ऑक्टोबरला मराठ्यांनी ते ठाणे जिंकले तेव्हा त्यांची नड खरोखरच भागली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्यामध्ये येऊन बसला, ही त्या विजयाची किंमत होती.

दुसऱ्या डावात तो कुंजपुऱ्याला गेला, पण बागपतच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडता येते त्या जागी, एक फौज ठेवून. मी दुसऱ्या उतारावर प्रयत्न केला, नदीच्या फाशाने एकदा मला परत पाठवले आणि दुसऱ्यांदा उतरू दिले. तिसऱ्या डावात आम्ही बाजू बदलल्या, आणि गंगा-यमुनेच्या दुआबातून अब्दालीला येणारी रसद तोडण्यासाठी मी मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्या ठोकळ्यावर सगळी भिस्त ठेवली. मित्राने वेगवान घोडदळ पाठवून तो ठोकळा मारला. डिसेंबर १७६० मध्ये प्रत्यक्षातही तसेच झाले होते. पुस्तकात ती एक ओळ असते. त्या संध्याकाळी माझ्यासमोर उरलेले हरभरे मोजताना त्या ओळीचे वजन मला प्रथमच जाणवले.

म्हणजे खेळात पानिपत जिंकले, तर प्रत्यक्षातही जिंकता आले असते असे सिद्ध होते का?

नाही. आमच्या पटात किती हरभरे कोठे ठेवायचे हे आम्हीच ठरवले, आणि ते आकडे बदलले तर निकालही बदलतो. खेळ हा खेळकर्त्याने केलेला एक युक्तिवाद असतो: अमुक कारणाने असे झाले, असे त्याचे म्हणणे तो नियमांच्या रूपाने मांडतो. दोन मित्रांनी पटावर बसून तो युक्तिवाद तपासायचा असतो. पटण्यासारखा नसेल तर नियम बदलून पुन्हा खेळावे. आम्ही बुणग्यांचा आकडा आतापर्यंत तीनदा बदलला आहे आणि अजूनही त्यावर आमचे एकमत नाही.

ज्या जिल्ह्यात घराघरांतून सैनिक गेले, तेथे युद्धाचा खेळ करणे योग्य आहे का?

हा प्रश्न मला मित्राच्या आईने विचारला होता आणि त्याचे उत्तर द्यायला मला काही दिवस लागले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धापासून त्या गावाने माणसे पाठवली आहेत. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूत येथे सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणीही वेढल्या गेल्या. डिसेंबर १९१५ पासून उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरण जावे लागले, आणि त्यानंतरच्या कैदेत असंख्य शिपाई मेले. अशा घरांतल्या माणसासमोर पुठ्ठ्याची सोंगटी 'मारून' हसणे मला शोभणारे वाटत नाही.

मी आईंना सांगितले ते असे. कूतबद्दल मला शाळेत काहीही शिकवले गेले नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या एका पटावर मेसोपोटेमियाचा कोपरा पाहिल्यानंतर, तेथे कोण लढले असेल या विचाराने मी वाचू लागलो, आणि मग आपल्याच जिल्ह्यातल्या गावांपर्यंत पोहोचलो. आम्ही खेळताना काही मर्यादा पाळतो: सामान्य माणसांच्या कत्तलीला गुण देणारा खेळ आम्ही घेत नाही, आणि हयात असलेल्या माणसांनी ज्या युद्धात आप्त गमावले ते युद्ध त्यांच्या देखत मांडत नाही. कोणाला एवढेही पुरेसे वाटले नाही, तर त्याच्याशी वाद घालू नये. आईंनी त्यानंतर एकदा पट पाहिला, कोणती नदी कोणती ते विचारले आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मित्र नेहमी हरत असेल तर त्याची आवड कशी टिकवावी?

मुद्दाम हरू नये; ते कळते आणि ते अपमानकारक असते. एकच लढाई बाजू बदलून लगेच दुसऱ्यांदा खेळावी आणि दोन्ही डावांतले नुकसान मिळवून निकाल काढावा. अनेक ऐतिहासिक लढाया मुळातच एकतर्फी असतात, म्हणून पराभूत बाजूने प्रत्यक्षापेक्षा किती जास्त वेळ तग धरला हेही मोजण्यासारखे आहे.

डाव अर्धवट राहिला तर?

भ्रमणध्वनीवर वरून नीट छायाचित्र घ्यावे, हातातले पत्ते वेगवेगळ्या पाकिटांत घालून त्यांवर नाव लिहावे आणि कोणाची फेरी होती ते टिपावे. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर पट तसाच ठेवण्याची आशा बाळगू नये.

मित्र दुसऱ्या गावी असेल, किंवा मित्रच नसेल तर?

'व्हॅसल' नावाची एक विनामूल्य संगणकप्रणाली आहे. तिच्यात असंख्य युद्धखेळांचे पट उपलब्ध आहेत आणि दोघे दोन गावांत बसून खेळू शकतात. माझा मित्र एक वर्ष सांगलीला बदलीवर होता, तेव्हा आम्ही तीवर खेळलो. सोय झाली, पण ठोकळा उचलताना समोरच्याचा हात अडखळतो ते पडद्यावर दिसत नाही. एकट्याने दोन्ही बाजू खेळणे हे या छंदात अगदी प्रतिष्ठित मानले जाते, आणि काही खेळ तर एकट्यासाठीच रचलेले असतात.

हे खेळ महाग असतात का?

होय. बहुतेक परदेशातून येतात, आणि एका खेळाला काही हजार रुपये पडतात. दोघांनी मिळून वर्षाला एक विकत घ्यावा. काही खेळकर्ते घरी छापून घेण्याजोगे खेळ विनामूल्य देतात. झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून ते तयार करता येतात. सोंगट्या कापताना पोलादी पट्टी आणि धारदार कटर वापरावा, कात्रीने कडा दबतात.

डाव संपल्यावर काय करावे?

लगेच आवरायला घेऊ नये. पट तसाच ठेवून अर्धा तास बोलावे: कोणत्या फेरीला डाव फिरला, तेव्हा आणखी कोणता पर्याय होता, आणि खऱ्या सेनापतीला त्या क्षणी काय माहीत होते जे आपल्याला माहीत होते किंवा नव्हते. आम्ही एका वहीत तारीख, बाजू, निकाल आणि पुढच्या वेळी तपासायचा एक प्रश्न लिहितो. सध्या शेवटच्या पानावर मित्राच्या अक्षरात लिहिले आहे: 'बुणगे दिल्लीतच ठेवले तर त्यांच्या रक्षणाला किती ठोकळे मागे ठेवावे लागतील?' चौथ्या शनिवारी तो अब्दाली होणार आहे, आणि हरभरे मी मोजून ठेवले आहेत.